शहराचा पूर आणि लोणीचे शिवार

मुळामुठेस पूर आला म्हणजे पुणेकरांचे लक्ष शहरातील पुलांवर खिळते. पाणी ओसरले की विषय संपला! परंतु तेच पाणी पुढे लोणी काळभोरच्या शिवाराकडे जाते व त्याजबरोबर शहराचे मैलापाणी आणि जलपर्णीही जाते, याची वाच्यता कोण करतो? १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा धरणच अपुरे होते. २५ जुलै २०२४ रोजी एकतानगरीत शिरलेले पाणी मात्र बव्हंशी खडकवासल्यातून सोडलेले होते. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत, राडारोडा टाकून पात्र आवळावयाचे आणि दोष पर्जन्यास द्यावयाचा, हा न्याय अजब खरा. हा राडारोडा कोणाचा, हे व्यापारी बंधूंनी महानगरपालिकेस विचारावे. आणि विसर्गाची सूचना शहराइतकीच वेळेवर लोणीसही मिळावी, असा आग्रह जलसंपदा खात्याकडे धरावा.