जीवदयेच्या हिशेबात जंगलही धरूया



श्रीखंडावर चारोळी पेरताना किंवा थंडीत डिंकाचे लाडू वळताना हा माल कुठून आला, हे आपण विचारत नाही. आपल्याच जिल्ह्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू, भिल्ल, निहाल लोक राहतात. अशाच आदिवासी हातांनी ती चारोळी, तो डिंक जंगलातून वेचलेला असतो.

त्यांच्याविषयी आपल्या घरांत एकच ऐकू येते, "ते मांस खातात, मध काढतात." खरे आहे, आणि माझा अहिंसेचा नियम मी त्यासाठी सैल करणार नाही. पण आपण वनस्पतीतही जीव मानतो, पाणी गाळून पितो, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी टाळतो. मग अख्खे जंगल राखणाऱ्यांचे पुण्य मोजायचे कुणी?

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात पायविहीर गाव आहे. वनहक्क कायद्याखाली २०१२ साली गावाला १९२ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. उजाड झालेल्या त्या जमिनीवर गावकऱ्यांनी झाडे लावली, राखण केली. आज तिथली सीताफळे मुंबईपर्यंत जातात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर तेंदूपत्ता तोडणेच बंद केले, कारण त्यासाठी फांद्या छाटतात, आगी लावतात. त्यांनी बांबूवर भागवले. हाती येणारा पैसा जिवांसाठी सोडणे, यालाच आपण अपरिग्रह म्हणतो ना? आपल्यापैकी किती जणींना तो जमतो?

हा प्रश्न दूरचा नाही. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर-जळगाव जामोद भागात पाऊस असा कोसळला की शेते खरडून गेली. डोंगरावर झाडोरा असला की पाणी मुरते, माती धरून राहते. एवढ्याने पूर थांबणार नाही, पण झाडोराच नसेल तर नुकसान वाढणारच.

पर्युषणात आपण गोशाळेला, पांजरपोळला देतो. ते देत राहूच. त्यातला थोडा भाग जंगल राखणाऱ्या एखाद्या ग्रामसभेच्या रोपांसाठी काढूया. आणि आठवडी बाजारात आदिवासी बाई आवळे, चारोळी घेऊन बसली असेल, तर तिच्याकडूनच घेऊया, तेही घासाघीस न करता. मी स्वतः वर्षानुवर्षे घासाघीस केली आहे. दहा रुपये वाचवल्याचा आनंद घरी आणला, पण तिची दिवसभराची पायपीट कधी हिशेबात धरली नाही. यंदापासून धरणार आहे.