ये जमीन किसकी थी?

सातवीच्या वर्गाला मी ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ या १९७४ च्या अमेरिकन मालिकेची सुरुवात दाखवली. एक गोरं कुटुंब कॅन्ससच्या माळावर लाकडाचं घर बांधतं. शेवटी सरकारी हुकूम येतो, घर सोडावं लागतं. मुलांचे डोळे पाणावले. एका मुलीने मात्र विचारलं, “सर, ये जमीन किसकी थी?”

जमीन ओसेज आदिवासींची होती. मालिका रडवते ती गोऱ्यांसाठी. लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या १९३५ च्या मूळ कादंबरीत तर तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन होते, अशा अर्थाचं वाक्य होतं. एका वाचकाच्या पत्रानंतर १९५३ मध्ये ‘माणसं’ऐवजी ‘वसाहतकरी’ असा शब्द आला. अठरा वर्षं ते वाक्य तसंच छापलं जात होतं.

हे दुखणं आपल्या ओळखीचं आहे. ऐतिहासिक मालिकांत आपला माणूस बहुधा डोळ्यांत सुरमा घालून कट रचताना दिसतो. मग आपण निषेधाची निवेदनं देतो. पण मालिका कादंबरीतून येते, हे विसरतो. १९९० मध्ये दूरदर्शनवर टिपू आला तो भगवान गिडवाणी यांच्या १९७६ च्या इंग्रजी कादंबरीमुळे. मालिका काल्पनिक असल्याची सूचना दाखवावी लागली, यावर आपण चिडलो. टिपूवर कादंबरी आपण का लिहिली नाही, हे कोणी विचारलं?

ओजिब्वे आदिवासींच्या वंशातल्या लुईझ अर्ड्रिक यांनी १९९९ मध्ये ‘द बर्चबार्क हाउस’ लिहिली. त्यातलं घर एका ओजिब्वे मुलीचं आहे. गोरे तिथे बाहेरून येतात.

आपल्या सोलापुरात चार हुतात्म्यांमध्ये कुर्बान हुसेन आहेत. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी, ही तारीख माझ्या मुलांना पाठ आहे. पण ते आईशी कोणत्या बोलीत बोलत, गिरणीचा भोंगा वाजला की त्यांच्या गल्लीत काय हालचाल होई, हे कोण लिहिणार? तारीख म्हणजे माणूस नव्हे.

आणि हे मराठीत लिहायला हवं. मी उर्दू शाळेत शिकवतो, उर्दूवर माझं प्रेम आहे. पण शेजाऱ्याने वाचावं असं वाटत असेल तर त्याला वाचता येईल अशा भाषेत लिहावं लागेल.

निषेधाचे लेख पुष्कळ झाले. हाही त्यातलाच एक. पुढच्या अंकासाठी मित्रहो, लेख नको. कादंबरीचं पहिलं प्रकरण आणा. मीही आणतो.