मदतीचं आवाहन मी का छापलं नाही

आनंदनगर एमआयडीसीत कामाला जाणारा एक तरुण लोकलमधून पडला. मज्जारज्जूला इजा झाली, कमरेखालचं शरीर गेलं. परवा त्याचा भाऊ माझ्याकडे आला, हातात एका खासगी क्लिनिकचं 'स्टेम सेल थेरपी'चं पत्रक. "दादा, मदतीचं आवाहन लावा ना. गावची जमीन विकायला काढलीय, तरी पैसे कमी पडतायत."

अशी आवाहनं मी आजवर खूप लावली, काहीही न तपासता. ती माझी चूक. यावेळी नाही म्हटलं.

आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. मज्जारज्जूच्या इजेवर स्टेम सेल फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच देता येतात, आणि ट्रायलमधल्या पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणजे लाखोंचं बिल हातात आलं की समजायचं, हा प्रयोगही नाही आणि सिद्ध झालेला उपचारही नाही. हा धंदा आहे.

संशोधन खोटं नाही. जपानच्या केओ विद्यापीठाने मार्च 2025 मध्ये चार पेशंटचे निष्कर्ष जाहीर केले. दोघांत सुधारणा दिसली, एक जण उभा राहू लागला. पण पेशी दिल्या होत्या इजेनंतर दोन ते चार आठवड्यांत, आणि पेशंट फक्त चार! त्यावर आपल्याकडे दुकान थाटायचं?

मग करायचं काय? क्लिनिकला विचारा: ट्रायलचा सीटीआरआय नंबर काय, औषध महानियंत्रकांची मंजुरी कुठे आहे, पैसे का घेता? दुसरं, मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, 1955 पासून. बेडसोर टाळणं, लघवीची काळजी, व्हीलचेअरवरून स्वतः उतरणं-चढणं हे शिकणं म्हणजे हार मानणं नव्हे. बेडसोर आणि लघवीचं इन्फेक्शन जिवावर बेततात. तिसरं, धावत्या लोकलमधून चुकून पडलं तर रेल्वे दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. अर्ज वर्षभरात करायचा. नुसतं तिकीट सापडलं नाही म्हणून दावा बुडत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये सांगितलंय.

भाऊ काहीच बोलला नाही. पत्रक घडी करून खिशात ठेवलं. त्याला राग आला असेल, येऊ दे. जमीन अजून विकलेली नाही.

अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या ग्रुपवर असं आवाहन फिरताना दिसलं, तर फॉरवर्ड करण्याआधी एकच प्रश्न विचारा: ट्रायल असेल, तर पैसे कसले?