नेवाळीची धावपट्टी आणि तिच्याखालची जमीन

कुळगावहून काटईकडे जाणाऱ्या रस्त्याने नेवाळी नाक्यापर्यंत गेले की एका बाजूला मलंगगडाचा सुळका दिसतो आणि खाली दूरवर पसरलेले माळरान. त्या माळरानात, गवताने बव्हंशी गिळलेली, दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी आहे. नव्याने राहावयास आलेल्या चाकरमान्यांना ती ठाऊकही नसते. जुन्या गावकऱ्यांना मात्र ती फार चांगली ठाऊक आहे, कारण ती त्यांच्या आजोबांच्या भातखाचरांवर उभी आहे.

जपानी फौजा ब्रह्मदेशापर्यंत आल्या आणि मुंबई बंदराच्या संरक्षणाची इंग्रज सरकारला एकाएकी निकड भासली. १९४२-४३ च्या सुमारास नेवाळी, भाल, द्वारली आणि आसपासच्या गावांतील सोळाशे एकरांहून अधिक जमीन विमानतळासाठी सरकारने ताब्यात घेतली. साल लक्षात घेण्यासारखे आहे. याच सुमारास भाई कोतवालांचा आझाद दस्ता कर्जत-मुरबाडच्या डोंगरांतून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडीत होता आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. म्हणजे ज्या सरकारला ‘चालते व्हा’ असे हा मुलूख बजावीत होता, त्याच सरकारने त्याच मुलखातल्या कुळांच्या जमिनी घेतल्या. सरकार चालते झाले. जमिनी परत आल्या नाहीत.

शेतकऱ्यांचे म्हणणे साधे आहे. जमीन युद्धापुरती घेतली होती, युद्ध संपल्यावर ती परत मिळेल असे वडीलधाऱ्यांना सांगण्यात आले होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या आम्ही ती कसतच आलो आहोत. संरक्षण खात्याचे म्हणणेही तितकेच साधे : जमीन आमची आहे. या दोन विधानांच्या मधोमध एक कायदेशीर भेद आहे आणि सारा प्रश्न त्याच्यावर तोललेला आहे. १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याखालील नियमांनी सरकारला एखादी मिळकत तात्पुरती अधिग्रहित करता येत असे. तीत मालकी मूळ धन्याचीच राहते, सरकार भाडे देते. १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याने घेतलेली जमीन मात्र कायमची सरकारची होते. युद्धानंतरही अधिग्रहण चालू ठेवण्यासाठी १९४७ मध्ये एक कायदा झाला, १९५२ मध्ये दुसरा. तेव्हा नेवाळीच्या प्रत्येक गट क्रमांकाबाबत विचारावयाचा प्रश्न एकच : ही जमीन अधिग्रहित होती की संपादित? संपादित असेल तर निवाडा कोणत्या तारखेचा, मोबदला किती, आणि तो कोणी घेतला? हे प्रश्न भावनेचे नव्हेत, दप्तराचे आहेत. दप्तर सरकारजवळ आहे, शेतकऱ्याजवळ नाही; आणि तरीही पुरावा देण्याचा भार मात्र शेतकऱ्यावर!

२०१७ च्या जूनमध्ये नौदलाने या जमिनीभोवती भिंत घालावयास घेतली. पेरणीचे दिवस होते. २२ जून रोजी शेतकरी रस्त्यावर आले, रस्ते अडले, वाहने जळाली, पोलिसांनी छऱ्यांच्या बंदुका चालविल्या. शेतकरी जखमी झाले, पोलिसही जखमी झाले. जाळपोळीचे समर्थन कोणी समाजवादी करणार नाही, आणि मीही करीत नाही. परंतु पाऊण शतक अर्ज करून जे उत्तर मिळाले नाही ते मागावयास माणसे रस्त्यावर आली, तर ‘कायदा हातात घेतला’ एवढ्या एका वाक्यात त्यांची बोळवण करणे हा आळस आहे. दुसऱ्या दिवशीच्या चर्चेत जळलेल्या गाड्यांचा हिशेब होता. सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या खंडाचा हिशेब कोठेच नव्हता.

तो खंड म्हणजे काय? अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून येथे थोडे थांबतो. १९४२ साली या जमिनीची किंमत म्हणजे तिच्यातून निघणाऱ्या भाताची किंमत. आज तिची किंमत भातावर ठरत नाही. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर यांच्या मधोमध ती आहे यावर ठरते. ही वाढ कोणी कष्टाने मिळविलेली नाही. रेल्वे, रस्ते, बारवीचे पाणी आणि लाखो लोकांची वस्ती यांनी ती निर्माण केली. अशी अनर्जित वाढ समाजाची असावी, हे आपण हेन्री जॉर्जपासून म्हणत आलो आहोत आणि ते बरोबरच आहे. मात्र प्रत्यक्षात ती समाजाकडे जात नाही. पलीकडच्या रस्त्याला लागून खाजगी संकुले उभी राहतात तेव्हा ती विकासकाकडे जाते. आणि ‘सार्वजनिक हेतू’चा शिक्का केवळ आगरी शेतकऱ्याच्या खाचरावर बसतो. समाजाने वाढ घ्यावयाची तर सर्वांकडून घ्यावी. एकट्या दुबळ्याकडून घेतलेल्या वाढीला समाजवाद म्हणत नाहीत.

असा प्रश्न सोडविणे सरकारला जमत नाही, असेही नाही. दोन-तीन कोसांवरच दाखला आहे. युद्धकाळातील कल्याणच्या लष्करी छावण्यांत फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित ठेवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. आजही तेथील माणूस पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ म्हणतो. लष्कराच्या बराकी निर्वासितांच्या घरांत बदलल्या, १९५४ च्या कायद्याने निर्वासितांच्या मोबदल्याची आणि हक्कांची सोय झाली, आणि पुढे २००६ मध्ये त्याच शहरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी खास कायदाही झाला. सिंधी बांधवांना जे मिळाले ते योग्यच होते; सर्वस्व गमावून आलेल्यांना ते द्यावयासच हवे होते. माझा मुद्दा इतकाच की त्याच युद्धाच्या एका अवशेषाला सरकारने घरपण दिले आणि दुसऱ्याला तारेचे कुंपण.

संस्कृतीविषयी आपल्याकडे अलीकडे फार बोलले जाते. या भागाला ती उदंड आहे. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवालय शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चे. लग्नघरी आगरी धवलारीण अजून धवले गाते. आणि मलंगगडावर मुसलमान पिराच्या समाधीची व्यवस्था कल्याणचे केतकर हे ब्राह्मण घराणे पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले. या स्थानाला धड हिंदू कायदा लागत नाही की धड मुसलमानी, त्याची स्वतःचीच वहिवाट आहे, हे १९५० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या दाव्यातून स्पष्ट झाले होते. पण १९८० च्या दशकापासून याच गडाच्या नावावरून राजकारण पेटविण्यात आले. माघी पौर्णिमेला पुढाऱ्यांच्या गाड्यांचे ताफे घोषणा देत गडाकडे जातात. गडाची वाट नेवाळी नाक्यावरून जाते. वर कोणाचे नाव असावे यासाठी जे घसा फोडतात त्यांना खाली सातबाऱ्यावर कोणाचे नाव असावे, हा प्रश्न वाटेत दिसत नाही काय? की तो हिंदू-मुसलमानांत वाटता येत नाही म्हणून निरुपयोगी ठरतो?

याच्या उलट उदाहरण खाडीपलीकडे आहे. सिडकोने नव्या मुंबईसाठी जमिनी घेतल्या तेव्हा शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य करून घेतले गेले. नव्या मुंबईच्या विमानतळाला पर्याय म्हणून २०१० च्या सुमारास नेवाळीचेही नाव पुढे आले होते. तो विषय मागे पडला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याला दि. बां.चे नाव मिळावे म्हणून २०२१ मध्ये भूमिपुत्र हजारोंनी रस्त्यावर आले होते. ती मागणी मला समजते, पण दि. बां.चे खरे स्मारक साडेबारा टक्के हेच आहे. त्यांना हे मिळविता आले कारण त्यांच्यामागे संघटना होती, वकील होते, आणि विधिमंडळात बोलणारा आवाज होता. नेवाळीला यांपैकी काय मिळाले? भेटी मिळाल्या, आश्वासने मिळाली, आणि खटले मिळाले.

राष्ट्राच्या संरक्षणाला जमीन लागते, हे कोण नाकारील? नौदलाला ही सारी जमीन खरोखर हवी असेल तर त्याने तसे सांगावे, किती हवी आणि कशासाठी ते सांगावे, आणि आजच्या कायद्याने, आजच्या दराने, पुनर्वसनासह ती घ्यावी. २०१३ च्या भूमिसंपादन कायद्याच्या कलम १०१ मध्ये पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाला वा भूमिपेढीला परत करण्याची तरतूद आहे. ते कलम १९४२ पर्यंत मागे नेता येणार नाही असे विधिज्ञ म्हणतील. तरी कलमामागचे तत्त्व संसदेने मान्य केलेले आहे, आणि राज्य सरकारला विशेष कायदा करण्यास कोणी अडविलेले नाही. उल्हासनगरासाठी केलाच होता.

आपल्या पक्षाच्या ठाणे जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी येथे एक काम हाती घ्यावे असे मला सुचवावयाचे आहे. मोर्चा नंतर. प्रथम माहितीच्या अधिकाराखाली प्रत्येक गावाचे मूळ आदेश, निवाडे, मोबदल्याच्या पावत्या आणि १९४० पासूनचे फेरफार मागवावेत. मिळतील त्या कागदांचे चावडीवर, सर्वांसमक्ष, मराठीत वाचन करावे. ज्या गट क्रमांकाचा निवाडा सापडणार नाही त्याची वेगळी यादी करावी आणि ती जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती द्यावी. दोन-तीन तरुण वकील आणि चार चिकाटीचे विद्यार्थी मिळाले तर एका हंगामात हे होण्यासारखे आहे. मोडी वाचणारा एखादा लागेल. तेवढे काम मी अंगावर घेतो.