खिंडार मधे आहे

अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक जो बरो जमिनीवर आपटला की सिनसिनाटी बेंगल्सच्या चाहत्यांत तोच जुना वाद पेटतो: 2021 साली जमार चेसऐवजी पनेई सूएलला घ्यायला हवं होतं की नाही? माझं म्हणणं असं की हा वादच चुकीच्या जागी चालला आहे. आणि तो तिथे चालू राहतो तोवर संघ बांधणाऱ्यांना खऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागत नाही.

आधी पूर्वपक्ष. 2020 साली बेंगल्सनी बरोला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, अगदी पहिल्या क्रमांकाने निवडलं. पहिल्याच हंगामात, दहा सामन्यांत, त्याने पास फेकण्याआधीच प्रतिस्पर्ध्यांनी त्याला 32 वेळा पाडलं. यालाच सॅक म्हणतात. नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनविरुद्ध त्याच्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले आणि हंगाम संपला. पुढच्या ड्राफ्टमध्ये संघाची पाळी पाचवी होती. एकीकडे ओरेगन विद्यापीठाचा धिप्पाड टॅकल सूएल, दुसरीकडे बरोचा लुइझियाना स्टेटमधला जुना जोडीदार, पास झेलणारा रिसीव्हर चेस. संघाने चेसला घेतलं. सूएल सातव्या क्रमांकाने डेट्रॉइटला गेला. त्या मोसमात बरोला 51 सॅक बसले, बाद फेरीचे सामने धरले तर 70. एक पक्ष म्हणतो, रक्षणकर्ता हातचा घालवला, त्याचं हे फळ. दुसरा पक्ष म्हणतो, चेसने काय केलं ते पाहा. सॅक होतात कारण बरो चेंडू हातात धरून उभा राहतो.

सूएल मोठा खेळाडू आहे, याबद्दल वाद नाही. 2023 आणि 2024 अशी सलग दोन वर्षं तो लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या ऑल-प्रो संघात पहिल्या पसंतीने निवडला गेला. पण तो टॅकल आहे, म्हणजे पाच जणांच्या फळीच्या टोकाला उभा राहणारा. मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गार्ड, आणि दोन टोकांना दोन टॅकल, अशी ही फळी असते. 2022 च्या जानेवारीत टेनेसी टायटन्सनी बरोला एका सामन्यात नऊ वेळा पाडलं. त्यांतले तीन सॅक जेफरी सिमन्सचे होते, आणि सिमन्स खेळतो मधून. तीन आठवड्यांनी सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, रॅम्स संघाने सात सॅक केले. बेंगल्स 23-20 असे तीन गुणांनी मागे, मिनिटाहून कमी वेळ उरलेला, चौथा आणि शेवटचा प्रयत्न, जायचं फक्त एक यार्ड. रॅम्सच्या अॅरन डोनल्डने डाव्या गार्डला मागे टाकलं आणि बरोला धरून गरकन फिरवलं. चेंडू कसाबसा सुटला आणि कुणाच्याच हाती न लागता पडला. तिकडे लांबवर चेस आपल्या रक्षकाला मागे टाकून मोकळा धावत होता. डोनल्डसुद्धा मधूनच येतो. टोकाला सूएल उभा असता तरी त्या क्षणी तो डोनल्डच्या वाटेत नसता.

एक गोष्ट मान्य करायला हवी. उजवा टॅकल रायली रीफ डिसेंबरमध्ये जखमी झाल्यावर ती जागाही उघडी पडली होती आणि सुपर बोलमध्ये रॅम्सच्या व्हॉन मिलरने दोन सॅक केले. सूएलने तिथे काही वार नक्की झेलले असते. पण बांध जिथे फुटला होता ती जागा वेगळी होती.

खरी चूक पाचव्या निवडीत झाली नाही, त्यानंतरच्या निवडीत झाली. दुसऱ्या फेरीत बेंगल्सनी आपली 38वी निवड न्यू इंग्लंडला देऊन मागे सरकणं पत्करलं आणि 46व्या क्रमांकावर क्लेमसनचा जॅक्सन कार्मन घेतला. कार्मन महाविद्यालयात डावा टॅकल होता. इथे त्याला गार्ड करायचं ठरलं. ती जागा त्याला कधीच धरून ठेवता आली नाही. त्याच ड्राफ्टमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सनी 63व्या क्रमांकावर सेंटर क्रीड हम्फ्री आणि सहाव्या फेरीत, 226व्या क्रमांकावर, गार्ड ट्रे स्मिथ उचलला. निकाल लागल्यावर असं बोलणं सोपं असतं, असं कुणी म्हणेल. स्मिथच्या फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या, म्हणून तो इतका खाली घसरला, हेही खरं. एका नावावरून कुणाला दोषी धरता येत नाही. पण गार्ड म्हणजे टॅकल म्हणून न जमलेल्याला उभं करायची जागा, ही जी समजूत त्या निवडीमागे दिसते, तिला दोषी धरायलाच हवं. मायकेल लुईसच्या ‘द ब्लाइंड साइड’ या 2006 च्या पुस्तकाने डाव्या टॅकलचं महत्त्व घरोघरी पोहोचवलं. सिनसिनाटीत तर अँथनी मुन्योझ या महान डाव्या टॅकलची आठवण आजही ताजी आहे. टोकाच्या माणसाचं कौतुक करायला सगळे शिकले, मधल्या तिघांचं राहून गेलं.

आता दुसरा पक्ष. सॅकमध्ये क्वार्टरबॅकचा वाटा असतो, हे मला पूर्ण मान्य आहे. 2022 चा हंगाम त्याचा पुरावा आहे. त्या वर्षी संघाने टेड कॅरस, अॅलेक्स कॅप्पा आणि लाएल कॉलिन्स हे तिघे अनुभवी खेळाडू बाहेरून आणले. तरी पहिल्या दोन सामन्यांत बरो 13 वेळा पडला. नंतरच्या चौदा सामन्यांत मिळून 28 वेळा. बरोने चेंडू लवकर सोडायला सुरुवात केली हे त्याचं एक कारण. पण तेच पाच जण आठवड्यामागून आठवडे शेजारीशेजारी उभे राहत होते, हे दुसरं कारण या पक्षाचे लोक सांगत नाहीत. शिवाय चेंडू लवकर सोडायचाच असेल, तर चेससारखा लांब धावणारा रिसीव्हर कशासाठी? 2024 मध्ये बरोने 4,918 यार्ड आणि 43 टचडाउन फेकले, दोन्हींत तो लीगमध्ये पहिला होता, आणि त्याच हंगामात त्याला 48 सॅक बसले. रिसीव्हर दूरवर मोकळा होईपर्यंत थांबण्याच्या ज्या सवयीतून ते यार्ड आले, तीच सवय या सॅकमागेही आहे. जिंकल्यावर त्या थांबण्याला धीर म्हणायचं आणि हरल्यावर हट्ट, हा न्याय मला मान्य नाही.

याहून जास्त चीड मला एका तिसऱ्या बोलण्याची येते. टायटन्सविरुद्धचा तो सामना बेंगल्सनी 19-16 असा जिंकला, आणि तेव्हापासून नऊ सॅक खाऊनही जिंकणारा वीर म्हणून बरोचे पोवाडे गायले जातात. तो शूर आहेच. पण त्याचं शौर्य ही संघाने खर्चात धरायची गोष्ट नव्हे. 2020, 2023, 2025 असे त्याचे तीन हंगाम दुखापतींनी तोडले: गुडघा, मनगट, पायाचा अंगठा. प्रत्येक दुखापत फळीच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. तरी शेकडो किलोंची धडक वर्षाला चाळीस-पन्नास वेळा बसणाऱ्या शरीराचं पुढे काय होणार, हे सांगायला वैद्य लागत नाही. त्या नऊ सॅकचं कौतुक झालं, आणि त्या रात्री फळीतल्या मधल्या तिघांविषयी जो प्रश्न विचारला जायला हवा होता, तो विजयाच्या आनंदात बुडाला.

पैसा ओतून महागडा टॅकल आणला की झालं, हा उपायही करून झाला आहे. फेब्रुवारी 2023 च्या सुपर बोलमध्ये चीफ्ससमोर फिलाडेल्फिया ईगल्स होते, हंगामात 70 सॅक केलेले. त्या दिवशी त्यांना एकही सॅक मिळाला नाही. चीफ्सच्या डाव्या टोकाला तेव्हा ऑर्लंडो ब्राउन होता. पुढच्याच महिन्यात बेंगल्सनी त्याला चार वर्षांसाठी 6.4 कोटी डॉलरला आणलं. माणूस तोच, उंची तीच, अनुभव तोच. पण त्याच्या शेजारचा जो थूनी आणि मधला हम्फ्री कॅन्सस सिटीतच राहिले. 2024 चे 48 सॅक ब्राउन आल्यानंतरचे आहेत.

फळीचं काम कसं चालतं ते पाहिलं की याचं कारण कळतं. समोरचे दोन आक्रमक अचानक एकमेकांना ओलांडून जागा बदलतात. अशा वेळी गार्डने आपला माणूस शेजारच्या टॅकलच्या हवाली करायचा आणि त्याचा माणूस आपण घ्यायचा असतो. ही अदलाबदल अर्ध्या सेकंदात, न बोलता व्हावी लागते. परक्या मैदानात गर्जना इतकी असते की क्वार्टरबॅकचा आवाज फळीपर्यंत पोहोचत नाही. तिथे खूण पाहून हलायचं, आणि एकाला ती उशिरा दिसली की पाचही जणांचं गणित बिघडतं. शेजाऱ्याचा खांदा कुठे असेल हे अंगाला माहीत व्हायला कित्येक महिने लागतात.

याचा पुरावा चीफ्सनीच दोन्ही बाजूंनी दिला. फेब्रुवारी 2021 च्या सुपर बोलमध्ये त्यांचे दोन्ही नेहमीचे टॅकल जखमी होते. त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स जीव घेऊन पळत राहिला आणि संघ 31-9 असा हरला. त्यानंतर त्यांनी एका माणसाची नव्हे, अख्ख्या फळीची डागडुजी केली, आणि त्यात सेंटर व गार्ड यांना टॅकलइतकंच मोल दिलं. मग 2024 च्या डिसेंबरमध्ये डाव्या टॅकलची जागा लंगडी पडली तेव्हा त्यांनी आपला उत्तम गार्ड थूनी टोकाला सरकवला. एक भोक बुजवताना दुसरं पडलं. फेब्रुवारी 2025 च्या सुपर बोलमध्ये त्याच ईगल्सनी माहोम्सला सहा वेळा पाडलं, सामना 40-22 असा जिंकला, आणि त्यासाठी नेहमीच्या चौघांपलीकडे एकही जादा माणूस त्यांनी धाडला नाही.

यावर एक आक्षेप येईल. जानेवारी 2023 मध्ये कॉलिन्स, कॅप्पा आणि डावा टॅकल जोना विल्यम्स हे तिघेही जखमी असताना बेंगल्सनी बफेलोत 27-10 असा विजय मिळवलाच, आणि त्यात बरोला एकच सॅक बसला. मग सवयीची फळी हवीच कशाला? बर्फ पडत होता, धावण्याचा खेळ चालला, पास छोटे ठेवले. एका दिवसापुरती ही युक्ती पुरली. पुढच्या आठवड्यात चीफ्सच्या मैदानावर, कॅन्सस सिटीच्या गोंगाटात, तेच राखीव खेळाडू उभे राहिले आणि बरोला पाच सॅक बसले. त्यांतले दोन चीफ्सच्या ख्रिस जोन्सचे, तोही मधून येणारा. सामना पुन्हा 23-20 असा हातचा गेला.

2025 च्या ड्राफ्टमध्ये बेंगल्सनी तिसऱ्या फेरीत जॉर्जियाचा डिलन फेअरचाइल्ड घेतला, आणि पहिल्या सामन्यापासून त्याला डाव्या गार्डच्या जागी उभं केलं. महाविद्यालयातही तो गार्डच होता. इतक्या वर्षांत उचललेलं हे पाऊल मला सर्वांत योग्य वाटतं. आता त्याला सलग तीन हंगाम त्याच जागी, त्याच शेजाऱ्यांमध्ये ठेवावं. उजव्या गार्डची जागाही अशीच तरुण आणि त्याच जागेवर तयार झालेल्या खेळाडूने भरावी. सहावा आणि सातवा माणूस सरावात रोज या पाच जणांबरोबर खेळवावा, जखमींच्या यादीवर नाव चढल्यावर त्याची आठवण काढू नये. आणि चेसला बरोपासून दूर करण्याची भाषा कुणी करू नये; 2024 मध्ये झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत लीगमध्ये पहिला आलेला हा खेळाडू 2021 च्या त्या पाचव्या निवडीचं समर्थन स्वतःच करतो आहे.