सात गावांना कुठला पुरावा लागला?



मागल्या सोमवारी आम्ही पाड्यांचे अर्ज घेऊन वरळीला एका सरकारी कचेरीत गेलो. आदल्या रात्री मुक्काम बीडीडी चाळीत, एका गिरणी कामगार साथीच्या खोलीत. (वरळी नाव ऐकून आमची आजी विचारते, "हे वारल्यांचंच गाव हाय का रं?" सगळे हसलो.) कचेरीत साहेबानं अर्ज उलटसुलट केले आणि एकच विचारलं, "पुरावा काय? कागद आहे का?" आम्ही म्हटलं, आजानं लावलेला आंबा आहे, वाघोबाचा दगड आहे. साहेब म्हणाला, दगड फायलीला लावता येत नाही.

तिथून बोरीबंदरला आलो. फोर्टात बाजारगेटला एक घड्याळाचा मनोरा आहे, अग्यारीच्या धाटणीचा. बमनजी होरमसजी वाडिया या शेटच्या आठवणीसाठी १८८२ साली लोकांच्या वर्गणीतून बांधलेला. दानशूर माणूस म्हणतात. दान दिलं असेल, आम्ही नाही म्हणत नाही. पण त्याच वाडिया घराण्याची दुसरी गोष्ट मनोऱ्याखाली उभं राहून कळत नाही. १८०८ साली इंग्रज सरकारनं होरमसजी बमनजी वाडियांची अपोलो दरवाजाजवळची एक जागा घेतली आणि बदल्यात साष्टीतली सात गावं देऊन टाकली. कुर्ला, मोहिली, कोलेकल्याण, मरोळ, सहार, असल्फे, परजापूर. शहरातल्या एका तुकड्याला सात गावं! तेव्हा कुठल्या साहेबानं विचारलं, इथला आंबा कुणी लावला? कसणारे कुणबी, आगरी, ख्रिस्ती आणि रानाकडेचे आम्ही, सगळे जमिनीबरोबर खोताच्या वहीत गेलो. बाजारात बैल विकतात तेव्हा दोराही संगती जातो, तसे.

परजापूर-मरोळचं ते रान म्हणजे आजची आरे. १९४९ ला दूध वसाहत आली, १९७७ ला चित्रनगरी. साष्टीच्या इस्टेटी १९५१ च्या कायद्यानं मोडल्या, खोत गेला, पण जमीन कसणाऱ्या वारल्याच्या नावावर आली नाही. सरकार मालक झालं आणि आम्ही अतिक्रमणवाले झालो. शूटिंगला रात्रभर दिवे जळतात, पलीकडं पाड्यात रॉकेलची चिमणी.

आता आपल्यातलेच काही पोरं म्हणतात, वर्गणी काढू, आपणही मोठा स्तंभ बांधू. त्यांचा राग आम्हाला कळतो. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे पडले. त्यांना कोण विसरेल? पण ते पडले ते वेठ आणि लग्नगडी मोडायला. त्यांच्या नावानं सिमेंट-विटा आणायच्या आणि पाड्याची मोजणी पैशावाचून अडलेली ठेवायची, हे आम्हाला पटत नाही. स्पष्टच सांगतो, आम्ही विरोध करणार. स्तंभाला जागा लागते, आणि ती जागा तरी कुणाच्या नावावर आहे? वर्गणी काढायची तर नकाशाच्या नकलांना काढा, मोजणीच्या फीला काढा, तालुक्याच्या गाडीभाड्याला काढा.

साहेबाला कागद पाहिजे तर कागद करू. येत्या रविवारी सकाळी प्रत्येक पाड्यानं आपल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन यायचं. कुठलं झाड कुणी लावलं, कुठली बांधबंदिस्ती कुणी घातली, वाघोबाचा दगड कुणाच्या शिवेवर आहे, सगळं लिहून घेणार. वही आणि अंगठ्याची शाई आम्ही आणतो. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी दुपारनंतर येऊ.