बादली वेगळी कशासाठी?

मी ज्या वसतिगृहात राहत होतो, तेथे एका मित्राची बादली वेगळी करण्यात आली. त्याच्या कोपरांवर व गुडघ्यांवर लाल चट्टे होते, त्यांवर पांढरे पोपडे. कोणी म्हणाले खरूज, कोणी गजकर्ण. त्याने डॉक्टरांची चिठ्ठी दाखविली. तीत 'सोरायसिस' असे स्पष्ट लिहिले होते. तरी बादली वेगळीच राहिली. असे करणाऱ्यांत प्राणिशास्त्र घेतलेले आम्ही तिघे होतो, हे कबूल केले पाहिजे.

पेशीविभाजनाची आकृती आम्ही परीक्षेत सुबक काढतो. पण पेशी विभागते कोणाच्या सांगण्यावरून? स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिलांना टोचला, तेव्हा त्यांचे डोळे वेळेआधीच उघडले. त्यातून 'एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर' हे वाढीला चालना देणारे द्रव्य हाती आले, आणि १९८६ साली कोहेन व रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे द्रव्य पेशीच्या आवरणावरील रिसेप्टरला चिकटते आणि रिसेप्टर आत निरोप धाडतो: वाढ, विभाग.

निरोगी त्वचेत हे रिसेप्टर मुख्यतः तळच्या थरात असतात. पेशी वर सरकली की हा निरोप मंदावतो. ती पक्व होते, मरते, आणि सुमारे महिन्याभराने गळून पडते. सोरायसिसच्या चट्ट्यात मात्र वरच्या थरांतही रिसेप्टर टिकून राहतात. शिवाय त्यांना चेतविणारी टीजीएफ-अल्फा, ॲम्फिरेग्युलिन यांसारखी द्रव्ये त्वचेच्या पेशी स्वतःच जादा बनवितात. निरोप देणाऱ्या त्याच, घेणाऱ्याही त्याच! महिन्याचा प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. अपक्व पेशींचे जे थर साचतात, तेच ते पोपडे.

मूळ दोष त्वचेच्या पेशीतच आहे, असे पूर्वी पुष्कळ संशोधकांना वाटे. परंतु प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या सायक्लोस्पोरिनने चट्टे ओसरतात, असे १९७९ मध्ये नोंदले गेले, आणि पुढे संशय टी-पेशींवर गेला. आता असे मानतात की ठिणगी तेथून पडते आणि रिसेप्टर ती आग पेटती ठेवण्यास हातभार लावतात. आयएल-१७ रोखणारी इंजेक्शने आज मिळतात, पण ती सामान्य घराला परवडणारी नाहीत.

या सगळ्यात बादलीतून पसरणारा जंतू कोठे आहे? घशाच्या जंतुसंसर्गाने हा विकार कधी उफाळतो खरा, पण चट्ट्याला हात लावल्याने तो दुसऱ्याला होत नाही. खरूज लागते, गजकर्ण लागते. तेथे कपडे वेगळे ठेवणे रास्तच. सोरायसिसला तो नियम लावणे हे अज्ञान आहे, आणि चिठ्ठी वाचल्यानंतरचे अज्ञान तर मला अक्षम्य वाटते.

माझी प्राध्यापकांना विनंती आहे की, पेशीविभाजन शिकविताना हा रोग उदाहरणादाखल घ्यावा. पाठ्यपुस्तकात नसला तरी दहा मिनिटे पुरतील. आमच्या मित्राने दुसऱ्या सत्रात गावात भाड्याची खोली घेतली. ती कॉलेजपासून दूर होती, आणि सकाळच्या पहिल्या तासाला तो बहुधा उशिरा येई.